तुम्ही विचारलंत म्हणून: फुगडीनं शुगर खरंच उतरते का?

मंगळागौरीच्या खेळांचा कार्यक्रम संपतो, आम्ही आतल्या खोलीत नऊवारी उतरवून घड्या घालत असतो, आणि प्रेक्षकांतली एखादी बाई दारात येऊन उभी राहते. खेळ छान झाले म्हणते. मग जवळ येऊन हळू आवाजात विचारते, "ताई, तुम्हाला डायबेटिस आहे ना? मग एवढं कसं झेपतं? आणि फुगडीनं शुगर खरंच उतरते का हो?" डोंबिवलीत विचारतात, कल्याणला विचारतात, एकदा लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या मुलीनंही विचारलं. पिना काढता काढता देण्याएवढं हे उत्तर लहान नाही, म्हणून लिहून ठेवते.

उतरते. माझी उतरली. पण सगळ्या गोळ्या बंद झालेल्या नाहीत, आणि हे मी आधी सांगते, कारण पुष्कळ जणींना खरं तर तेच ऐकायचं असतं.

मला 2012 साली, सेहेचाळिसाव्या वर्षी डायबेटिस निघाला. ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, 9.1 टक्के आली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू केलं, आहार लिहून दिला आणि रोज अर्धा तास चाला म्हणून सांगितलं. गोळ्या घेतल्या. भात कमी केला. चालणं मात्र टिकेना. सकाळची 7:42 ची लोकल, संध्याकाळी घरी यायला आठ, आणि जूनमध्ये पाऊस लागला की पहिला खाडा चालण्याचाच. सरासरी 7.8 वर येऊन अडून बसली. दर तीन महिन्यांनी तोच आकडा आणि तेच वाक्य: "चालणं वाढवा."

2015 च्या उन्हाळ्यात शेजारच्या इमारतीतल्या एक ताई म्हणाल्या, "आमच्यात एक जण कमी पडतेय, येतेस का?" लहानपणी चिपळूणला श्रावणात रात्र रात्र फुगड्या घातलेल्या होत्या. गेले. पहिल्या दिवशी झिम्म्याच्या दोन फेऱ्यांत धाप लागली आणि पिंग्याला तर मी बाजूला बसूनच राहिले. तरी गुरुवारी परत गेले, कारण शनिवारच्या आत माझ्या जोडीदारणीला माझ्याबरोबर फुगडी बसवायची होती. मी गेले नाही तर तिचा सराव बुडणार होता.

मला सांगायचं आहे ते हेच. चालायला मी एकटी जायचे, तेव्हा न जाण्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. इथे अडायला लागलं. आणि खेळताना शुगरचा विचारच मनात नसायचा. डोक्यात असायचं ते आगोटापागोट्याचं पाऊल आणि सुपाचा ठेका. वर्षभरात सरासरी 6.9 झाली. डॉक्टरांनी कागद बघितला, पुन्हा बघितला आणि विचारलं, "काय वेगळं केलंत?"

तुम्हाला आकडेच हवे असतील तर तेही सांगते. आमचा सराव सव्वा तासाचा. त्यात पाणी पिणं, चाली ठरवणं, भांडणं वजा केली तर प्रत्यक्ष खेळ 50 मिनिटं. आठवड्यात तीन सराव, मंगळवार, गुरुवार, शनिवार. झाली 150 मिनिटं. डायबेटिसवाल्यांना आठवड्याला किमान एवढाच मध्यम व्यायाम सांगतात, आणि त्यात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको म्हणतात. या दुसऱ्या अटीचं कारण मला उशिरा कळलं. स्नायू काम करत असतो तेव्हा इन्सुलिनची वाट न बघता तो रक्तातली साखर ओढून घेतो. खेळ थांबल्यावरही एक-दोन दिवस तो इन्सुलिनला चांगली दाद देतो, मग हळूहळू पहिल्यासारखा होतो. म्हणून रविवारी एकदम तीन तास घाम गाळून पुढचे सहा दिवस बसून राहण्यात फारसा अर्थ नाही.

मध्यम म्हणजे किती, याची डॉक्टर लोकांची खूण सोपी आहे: बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. आमच्याकडे तर खेळताना गावंच लागतं! म्हणून आम्ही अर्ध्या जणी गातो, अर्ध्या खेळतो, आणि फेरी संपली की अदलाबदल. खेळताना माझी ओळ मध्येच तुटायला लागली की मला समजतं, नाडी हवी तिथे आली. ओळच काय, साधं "थांब" म्हणतासुद्धा आलं नाही, तर फेरी सोडून बाहेर यायचं.

फुगडीत नुसतं गरगर फिरणं नसतं. पावलं जुळवून, हात ताणून मागे झुकलं की समोरचीचं अर्धं वजन आपल्या हातात येतं. मांड्या, पोटऱ्या, दंड, पाठ, सगळं एकाच वेळी ओढ धरतं. डायबेटिसमध्ये चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा तरी वजनाचा, ताणाचा व्यायाम हवा असतो. तो आम्हाला इथेच मिळतो. बसफुगडी मात्र मी खेळत नाही. गुडघे नाही म्हणतात.

आता जे घडलं ते सांगते, कारण नुसते गोडवे गाऊन तुम्हाला सरावाला पाठवणं बरोबर नाही.

2016 चा श्रावण. मंगळवारी कार्यक्रम होता म्हणून सोमवारी जादा सराव ठेवला होता. सोमवारचा उपास, सकाळची गोळी नेहमीसारखी घेतलेली, दुपारी थोडं वरीचं तांदूळ आणि ताक. साडेसहाला फुगडी सुरू झाली. तिसऱ्या फेरीत घाम फुटला. मला वाटलं उकाडा आहे. डोळ्यांसमोर अंधुक झालं, तर वाटलं भोवळ, फुगडीत येतेच की. मला काहीच कळलं नव्हतं. कळलं ते माझ्या जोडीदारणीला. तिनं वेग कमी केला, पण हात सोडले नाहीत, आणि म्हणाली, "अगं, तुझे हात बर्फासारखे झालेत. आणि थरथरतायत." तिनं मला तसंच धरून खाली बसवलं. पिशवीतल्या ग्लुकोमीटरवर 58. सत्तरच्या खाली गेली की शुगर कमी झाली असं धरतात. कुणीतरी पेल्यात तीन चमचे साखर ढवळून आणली. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, तेव्हा 84. मग डबा उघडून पोळी खाल्ली. त्या रात्री नवरा दोनदा उठून माझ्या कपाळाला हात लावून गेला, कारण खेळाचा परिणाम झोपेतही शुगर खाली नेऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. ते रागावले ते उपासावर आणि त्याहून जास्त मी सरावाबद्दल तोपर्यंत काहीच बोलले नव्हते यावर. नुसत्या मेटफॉर्मिननं शुगर अशी सहसा घसरत नाही; ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर घसरू शकते. हालचाल वाढली की औषधाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. त्यांनी माझी ग्लिमेपिराइडची गोळी 2 मिलिग्रॅमवरून 1 वर आणली, आणि दोन वर्षांनी ती बंद केली. मेटफॉर्मिन आजही चालू आहे. हे सगळं त्यांनी केलं, मी मनानं केलेलं नाही. खेळायला लागल्यावर तुम्हीही आपल्या मनानं गोळी सोडू नका. तेव्हापासून सरावाच्या आधी मी शुगर बघते. गोळी चालू होती तोवर नव्वदच्या खाली दिसली तर आधी एक केळं खायचे, मग पदर खोचायचे. माझी जोडीदारीण अजूनही फुगडीआधी माझे तळहात दाबून बघते.

याच्या उलटंही होतं. रंगमंचावरच्या कार्यक्रमाच्या दिवशी खेळ झाल्यावर माझी शुगर वाढलेली असते, एकदा तर 214. पहिल्यांदा मी हबकले. पण धास्ती आणि जोराचा दम यांनी शरीर स्वतःच साखर रक्तात सोडतं, आणि ती तास-दोन तासांत खाली येते.

पायांबद्दल. मंगळागौर अनवाणी खेळायची असते, आणि डायबेटिसवाल्यानं अनवाणी फिरायचं नसतं, कारण पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. यातून वाट काढावी लागली. सरावाला मी पातळ तळव्याचे कापडी बूट घालते, कार्यक्रमात अंगाच्या रंगाचे, खाली रबराचे ठिपके असलेले मोजे. नऊवारीच्या ओच्याखाली ते कुणाला दिसत नाहीत. सुरुवातीला दोघी-तिघी म्हणाल्या, "शोभत नाही." मी चिपळूणच्या भावाची गोष्ट सांगितली. त्याचा छंद परसबागेचा: आळी करायची, माती उपसायची, विहिरीचं पाणी कळशीनं अळवाला आणि केळींना घालायचं. त्याचीही शुगर त्या कामानं छान राहते. पण एकदा तो बागेतून आत आला आणि वहिनीला ओटीवर रक्ताची पावलं दिसली. बांबूचा कूस तळपायात अर्धा बोटभर शिरला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगून तळव्याला जागोजागी नायलॉनचा बारीक दोरा टेकवून विचारलं, "लागतंय?" चार ठिकाणी तो म्हणाला, "सुरुवात करा ना." दोरा टेकवून झाला होता. जखम भरायला दोन महिने गेले. आता तो गमबूट घालून बागेत उतरतो, आणि रात्री वहिनी आरसा धरून त्याचे तळवे बघते. आमच्या ग्रुपमध्ये त्यानंतर कुणी मोज्यांबद्दल बोललं नाही.

टाळेबंदीत, 2020 साली, सराव थांबला. सहा महिन्यांनी माझी सरासरी 8.2. आहार तोच, गोळ्या त्याच. मग आम्ही मोबाइलवर एकमेकींसमोर खेळायला लागलो. फुगडी एकटीची होत नाही, झिम्मा भिंतीशी होत नाही, पण सूप नाचवता येतं, लाटण्यांचा खेळ होतो, पिंगाही होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली नाही, उलट दुसऱ्या आठवड्यात त्याच पडद्यावर आल्या.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडियाब या डायबेटिसवरच्या अभ्यासाचा 2023 चा आकडा बहुतेकींनी ऐकलेला असतो: देशात 10 कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस. मला जास्त लागला तो याच अभ्यासाचा 2014 मध्ये आलेला भाग, ज्यात महाराष्ट्रही होता. निम्म्याहून जास्त लोकांची हालचाल पुरेशी नाही, आणि फावल्या वेळात आवडीनं अंग हलवणारे दहातले एकही नाहीत. ज्या राज्यात लेझीम आहे, ढोल आहे, झिम्मा आहे, तिथेही आपण बहुतेक खुर्चीत बसून टाळ्या वाजवणारे. याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून दारात येऊन विचारणाऱ्या प्रत्येकीला मी पुढचा प्रश्न करते, "तुम्हाला लहानपणी काय खेळायला आवडायचं?" कुणी लगोरी म्हणतं, कुणी विहिरीत पोहणं. एकीनं सायकल सांगितली आणि तिचे डोळे भरून आले. लग्नानंतर तिनं सायकलला हात लावला नव्हता.

आमच्याकडे यायचं असेल तर खुशाल या, वयाची अट नाही. त्याआधी दोन कामं उरका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, कारण पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नाजूक झाल्या असतील तर उड्या आणि गिरक्या चालत नाहीत. आणि पायांना जाणीव किती आहे ते बघून घ्या. छातीत दुखत असेल, चढताना धाप लागत असेल, तर आधी हृदयाचं बघा. मग मंगळवारी साडेसहाला या. दुपारी नीट जेवून या, गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवा, खडीसाखरेची पुडी माझ्या पिशवीत असतेच. पहिल्या दिवशी फक्त झिम्मा.