पाच वॉटची जवारी

पाच वॉटचा गिटार अ‍ॅम्प (म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) करतेय म्हटलं की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि मग "छान, छान" म्हणून विषय बदलतो. त्याला तरी काय बोलणार! हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकरसुद्धा हल्ली खोक्यावर वीस वॉट मिरवत असतो. पण वॉट आणि कान यांचा हिशेब सरळ नाही. पन्नास वॉटचा अ‍ॅम्प पाच वॉटच्या दहापट मोठा वाजत नाही, कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. त्यातून गिटारचे स्पीकर थोडक्या वॉटमध्येही खणखणीत वाजतील अशाच बेताने केलेले असतात. त्यामुळे व्हॉल्व्हचे पाच वॉट दोन खोल्यांच्या फ्लॅटला पुरून उरतात आणि उरलेले शेजाऱ्यांकडे जातात.

व्हॉल्व्ह म्हणजे तेच, जुन्या रेडिओतले. हवा काढून टाकलेली काचेची नळी, तिच्या मधोमध तापणारा कॅथोड, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या प्लेटकडे धावतात आणि वाटेतली तारेची बारीक जाळी त्यांना कमीजास्त अडवते. गिटारचा क्षीण सिग्नल त्या जाळीला द्यायचा. तिथे जरासं हललं की प्लेटकडच्या प्रवाहात मोठी उलथापालथ होते. झालं, एवढंच. ट्रान्झिस्टर आल्यावर घरोघरच्या रेडिओंतून या नळ्यांची हकालपट्टी झाली. एके काळी बेंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्स त्या बनवत असे. आज त्या स्लोव्हाकियात, रशियात आणि चीनमध्ये बनतात, त्याही मुख्यतः गिटारवाल्यांच्या आणि गाणी ऐकण्याचं वेड असलेल्यांच्या जिवावर.

पहिलाच अ‍ॅम्प करायचा तर बहुतेक जण फेंडर कंपनीच्या 'चॅम्प'चं सर्किट घेतात. मीही तेच घेतलं. १९५० च्या दशकातलं, ५एफ१ या नावाने ओळखलं जाणारं. तीन व्हॉल्व्ह : सिग्नल वाढवायला १२एएक्स७, स्पीकर हलवायला ६व्ही६ आणि एसीचं डीसी करायला ५वाय३. रेझिस्टन्स आणि कंडेन्सर मिळून वीसच्या आसपास. बटण एकच, आवाजाचं. बास नाही, ट्रेबल नाही. अख्खं सर्किट वहीच्या एका पानावर हाताने काढता येतं, आणि खरं सांगायचं तर माझा जीव तिथेच जडला. मोबाइल उघडला तर आत काय चाललंय हे कुणाच्या बापाला कळणार नाही. इथे प्रत्येक वस्तू बोटांच्या चिमटीत येते. हा रेझिस्टन्स का आहे, हा काढला तर काय होईल, असं एकेकाला धरून विचारता येतं आणि उत्तरही मिळतं.

या चॅम्पचा जनक लिओ फेंडर. शिक्षण हिशेबनिशीचं. मंदीच्या काळात नोकरी गेली म्हणून १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं, तिथून गिटार आणि अ‍ॅम्प सुरू झाले. गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवता येत नसे. वाजवणारे दुकानात यायचे, तक्रारी करायचे, आणि हा सुधारणा करायचा. पुढे १९६२ मध्ये लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानातल्या मंडळींनी फेंडरचाच 'बासमन' नावाचा अ‍ॅम्प समोर ठेवून आपला अ‍ॅम्प केला, आणि रॉक संगीताने त्याला डोक्यावर घेतलं. तो मार्शल ड्रम शिकवायचा. म्हणजे गिटारच्या जगातली ही दोन मोठी नावं, एक हिशेबनीस आणि एक ड्रमवाला. मी दिवसभर ताळेबंद जुळवून पोट भरते, तेव्हा ही माहिती वाचून मला किती धीर आला असेल बघा.

व्हॉल्व्ह बाहेरून मागवावे लागले. बाकी बरंचसं सामान बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळालं. आठ पिनांचं सॉकेट मागितल्यावर काउंटरवरच्या मुलाने मान हलवली, पण मागे बसलेल्या त्याच्या आजोबांनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात ती सॉकेटं होती, धुळीसकट. "कशाला हवीत, ताई?" म्हणाले. मी सांगितलं. "म्हणजे रेडिओच की, फक्त स्टेशन लागत नाही," असं म्हणून त्यांनी दोन जास्तीची दिली. इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती.

खरी कसोटी ट्रान्सफॉर्मरची. दोन लागतात. एक विजेचा, तो समजायला सोपा : आत २३० व्होल्ट, बाहेर व्हॉल्व्हसाठी सव्वातीनशेच्या आसपास आणि तापवण्यासाठी ६.३ आणि ५ व्होल्ट. दुसरा आउटपुटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला मध्यस्थ. व्हॉल्व्हला समोर आठ हजार ओहमचा अडथळा दिसायला हवा आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. हजारपटीची तफावत. वेढ्यांचं प्रमाण तिच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे साधारण बत्तीसास एक. हे आकडे कागदावर लिहून मी एका वाइंडिंगवाल्यांकडे गेले. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "गॅप ठेवायचा ना?"

तो प्रश्न ऐकून मी मनातल्या मनात त्यांना दंडवत घातला. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये इंग्रजी ई आणि आय या आकारांचे पातळ पत्रे आलटूनपालटून घालतात, एक ई या बाजूने, पुढचा त्या बाजूने, म्हणजे लोखंडात फट राहत नाही. पण एकाच व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असला की तारेतून सतत एकाच दिशेने डीसी वाहत असतो आणि लोखंड त्यानेच भरून जातं. सिग्नलला जागाच उरत नाही. म्हणून सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला आणि मधे कागदाची पट्टी. ते काका बॉबिनवर, म्हणजे रिळावर, इनॅमलची तार गुंडाळत होते, दर थरावर कागद घालत होते आणि शेवटी गॅपसाठी त्यांनी लग्नपत्रिकेचा एक तुकडा घेतला, दोन बोटांत चोळून जाडी पाहिली, नको म्हणाले, आणि मासिकाचं गुळगुळीत पान कापलं. "वडील रेडिओवाल्यांना करून द्यायचे. मी लहानपणी कागद कापायचो." मायक्रोमीटर शेजारीच पडला होता, त्याला हात लावला नाही.

जोडणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सोल्डर, राळेचा धूर, टॅगस्ट्रिप (सुटे भाग जोडायची पट्टी), आणि मान अवघडते. तापवणाऱ्या तारांना घट्ट पीळ द्यायचा आणि त्या चॅसीच्या, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याच्या, कोपऱ्याकोपऱ्यातून न्यायच्या, सिग्नलच्या तारांपासून लांब. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा, राहिला तर तो पुढे महिनाभर छळतो, म्हणून प्रत्येक सांधा चकचकीत दिसेपर्यंत सोडायचा नाही.

एक गोष्ट मात्र नीट सांगायलाच हवी. या डब्यात सव्वातीनशे-साडेतीनशे व्होल्ट डीसी खेळत असतं आणि प्लग काढला तरी ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतं. बंद केलेला अ‍ॅम्प मारू शकतो. त्यामुळे आत हात घालण्यापूर्वी रेझिस्टन्स लावलेल्या क्लिपने कंडेन्सर रिकामे करायचे, मीटरने खात्री करायची, आणि चालू अ‍ॅम्पमध्ये काही मोजायचंच असेल तर डावा हात पाठीमागे, म्हणजे धक्का बसलाच तरी तो छातीतून आरपार जाणार नाही. मूळ अमेरिकन आकृतीत दोन पिनांची वायर दाखवलेली असते. ती इतिहास म्हणून बघावी आणि आपण तीन पिनांची लावून चॅसीला अर्थिंग द्यावं. या बाबतीत जुन्याचं प्रेम कामाचं नाही.

पहिल्यांदा वीज द्यायची तीही थेट नाही, सिरीज बोर्डातून. रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर असायचा तोच, सिरीजमध्ये एक साधा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि अ‍ॅम्प वाचतो. सगळं ठीक असेल तर तो एकदा उजळून मंद होतो. अडचण अशी की एलईडीचा बल्ब या कामाला चालत नाही, आणि तारेचा साठ वॉटचा पिवळा बल्ब आता व्हॉल्व्हपेक्षा दुर्मिळ झालाय. शेवटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सर्वांत वरच्या फळीवर एक निघाला. दुकानदाराने तो पुसून देताना मला बिचारी समजून पाच रुपये सोडले.

बल्ब उजळला, मंद झाला, व्हॉल्व्हच्या पोटात नारिंगी रेघ उमटली, आणि स्पीकरमधून पहिला आवाज आला तो अर्थातच हमिंगचा. थोडं हमिंग या जातीच्या अ‍ॅम्पला असायचंच. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, डीसी करताना त्याची शंभर होतात. हार्मोनियमवर लावून पाहिलं तर हा सूर पांढरी पाचच्या किंचित वर पडतो. अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची, तिथला अ‍ॅम्प काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी गुणगुणतो, म्हणजे धड कुठल्याच पट्टीत नाही. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या गवयाला आपला एमएसईबीचा षड्ज फुकट मिळतो, अशी मी एका गाणाऱ्या मैत्रिणीची थट्टा केली. तिने गंभीरपणे ऐकलं आणि म्हणाली, "चढा आहे."

हीच मैत्रीण मूळ मुद्द्यापाशी घेऊन आली. आवाजाचं बटण निम्म्यापर्यंत असताना अ‍ॅम्प स्वच्छ वाजत होता. त्यापुढे नेलं तसा आवाज फाटायला लागला. मला तेच हवं होतं, तिला ते सहन होईना. मी सांगू लागले की व्हॉल्व्ह एकदम नाही, हळूहळू फाटतो. लाटेचा माथा कापला न जाता आधी दबतो, आणि एकाच व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर वरचा आणि खालचा माथा सारखे दबत नाहीत. या असमानतेतून मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे तारसप्तकातला तोच स्वर मिसळतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. तो काढून टाकण्यासाठी पिढ्यान् पिढ्या कष्ट झाले. गिटारवाला तोच दोष पैसे देऊन विकत घेतो.

"म्हणजे जवारी," ती म्हणाली.

मला हे सुचायला हवं होतं, कारण मिरजेला तंबोरा आणायला तिच्याबरोबर मीच गेले होते. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याला कानशीने अगदी अल्पसा बाक दिलेला असतो, तार त्यावर नीट टेकत नाही, कंप पावताना घासत राहते. मग तारेखाली सुताचा धागा घालून तो केसभर मागेपुढे सरकवायचा. एका जागी तार मुकी असते, आणि पुढच्याच जागी तिच्यातून स्वरांचं मोहोळ उठतं. तीच जवारी. शुद्ध, स्वच्छ कंपन हवं असेल तर ते घासणं चूकच आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास यावर लिहिलं आहे. तार जिथे छेडली त्या बिंदूपाशी जे उपस्वर स्थिर असतात ते उमटू नयेत असा नियम, आणि तंबोऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात. नियम मोडणारी ती घोडी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कानशीच्या हातालाही आहे असं मी मानते.

तेव्हापासून माझं अ‍ॅम्पकडे बघणं बदललं. गिटार हे वाद्य आणि अ‍ॅम्प हा त्याचा आवाज मोठा करणारा डबा, अशी वाटणी करताच येत नाही. इलेक्ट्रिक गिटारची घोडी अर्धी लाकडावर असते आणि अर्धी या काचेच्या नळीत. म्हणून तर एकच गिटार दोन अ‍ॅम्पमध्ये दोन जणींसारखी बोलते. आणि अ‍ॅम्प पुरा झाला असं म्हणायलाही म्हणूनच जीभ वळत नाही. जोडणी संपली, जवारी लावणं राहिलंय.

ते काम कानाचं आणि चिकाटीचं. पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवर कंडेन्सर लावला की गिटार पुढे येते. २५ मायक्रोफॅरडचा लावला तर खर्जासकट सगळं फुगतं, ०.६८ चा लावला तर फक्त वरचे स्वर उठून दिसतात. स्पीकरकडून मागे फिरून येणारा एक रेझिस्टन्स अ‍ॅम्पला शिस्तीत ठेवतो. त्याचं एक टोक सोडवलं की तो मोकाट सुटतो. प्रत्येक बदलाला प्लग काढा, कंडेन्सर रिकामे करा, मीटर लावा, सोल्डर सोडवा, नवा लावा, पुन्हा सिरीज बोर्ड. तोवर आधीचा आवाज कसा होता हेच विसरायला होतं, म्हणून हल्ली मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवते.

सध्या ०.६८ आहे आणि तो रेझिस्टन्स जागेवर. मला बरा वाटतो. मैत्रिणीच्या मते अजून तार घासतेय पण खुलत नाही. रविवारी ती येणार आहे, तिच्यासमोर टोक सोडवून बघते. खालच्या मजल्यावरच्या काकांना आधी फोन करून ठेवायला हवा.