आईची चुंबळ आणि मोतमावलीची वाट

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये मी पहिल्यांदा वसईहून बांद्र्याला चालत गेले. ट्रेनने दरवर्षी जायचो, लहानपणापासून, विरार लोकलमध्ये आईच्या मांडीवर बसून पण गेलेय, पण चालत कधीच नाही. आमचं गाव निर्मळजवळ, तिथून बांद्र्याचा डोंगर म्हणजे हायवेने साठ-पासष्ट किलोमीटर तरी पडतात. आमच्या धर्मग्रामातून, म्हणजे आमच्या चर्चच्या गावांतून, एक ग्रुप दरवर्षी जातो, आदल्या दिवशी दुपारी निघायचं, रात्रभर चालायचं आणि सकाळी मोतमावलीच्या, म्हणजे त्या डोंगरावरच्या माउंट मेरीच्या, पायाशी. त्या वर्षी ८ सप्टेंबर, म्हणजे येशूच्या आईचा, मरियेचा जन्मदिवस, नेमका रविवारी आला होता आणि आदल्या दिवशी शनिवारी गणेश चतुर्थी, म्हणजे आम्ही निघणार होतो तोच दिवस.

मी का गेले ते आधी सांगते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं आणि तेव्हा तिने मोतमावलीला बोललं होतं की परत उभी राहिले तर दर्शनाला येईन. उभी राहिली, घरात काठीशिवाय फिरते, पण बांद्र्याच्या त्या पायऱ्या आणि ती गर्दी तिला झेपणारी नव्हती. म्हटलं आई, तुझ्या वतीने मी जाते, आणि जाते तर चालतच जाते. ती काही बोलली नाही. निघायच्या दिवशी मात्र पडवीतल्या खुंटीवरची तिची चुंबळ काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाय, ही तिच्या पायाला लावून आण."

चुंबळ म्हणजे डोक्यावर टोपली ठेवायच्या आधी ठेवतात ती कापडाची गोल वळकटी. आईची चुंबळ तिच्या जुन्या लाल लुगड्याची आहे, वरून दुसऱ्या फडक्याच्या चिंध्यांनी घट्ट गुंडाळलेली, मधोमध इतकी दबलेली की तिथलं कापड चामड्यासारखं गुळगुळीत झालंय, आणि एका बाजूला सुईदोऱ्याने घातलेले टाके, ते बहुतेक आजीच्या हातचे. तीस वर्षं आई पार्ल्याला भाजी विकायला जायची. वाडीतली वांगी, दुधी, केळीची पानं, आणि सीझनला सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी. पहाटेच्या गाडीने जायचं, पार्ले ईस्टला बसायचं, दुपारी परत. आमच्या गावातल्या कितीतरी बायका अशाच जायच्या, कोणी दादर कोणी सांताक्रूझ, आणि आम्हा सगळ्या पोरांच्या फिया त्या टोपल्यांतून आल्यात.

तर शनिवारी दुपारी तीनला मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली, फादरांनी सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि चारला आम्ही ४३ जण निघालो. पुढे क्रूस धरलेला एक मुलगा, मागे टेम्पोत पाणी, बॅगा आणि फुलांनी सजवलेली मरियेची छोटी मूर्ती. ग्रुपचे म्होरके आमच्या वॉर्डातले एक काका आहेत, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, त्यांनी निघतानाच सांगितलं की घड्याळ बघू नका, किलोमीटर विचारू नका, जपमाळ म्हणा. आणि खरंच, एक पूर्ण जपमाळ म्हणायला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात दीड एक किलोमीटर होतं. मग रस्त्याचं माप तेच होऊन जातं, भुईगाव दोन माळांवर, गिरीज अजून दोन. पुढचे अर्धे म्हणणार "नमो मरिये", मागचे उचलणार "पवित्र मरिये, देवाच्या माते", आणि पाऊल आपोआप त्या तालात पडायला लागतं. मला घरी जपमाळ म्हणताना पाच मिनिटांत मन भाजीत नाहीतर मोबाईलमध्ये जातं, हे मी कबूल करते, पण चालताना असं झालं नाही. तोंडाला काम आहे, पायाला काम आहे, मग मन जाऊन जाऊन जाणार कुठे.

पहिली माळ फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसाठी म्हटली. त्यांना जाऊन दीड महिनाच झाला होता, २५ जुलैला गेले. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण आमच्यासाठी ते आधी हरित वसईचे फादर. वसईच्या वाड्या बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत, विहिरींचं पाणी टँकरने उपसून नेऊ नये म्हणून ते रस्त्यावर उतरले तेव्हा आमच्या गावच्या बायका पण त्यांच्या मागे गेल्या होत्या, आई पण. आज पापडी सोडून नायगावकडे गेलं की जे टॉवर लागतात ते बघत चालताना आणि आमच्या गावात अजून केळीच्या बागा उभ्या आहेत हे आठवताना मला त्या माणसाबद्दल काय वाटतं ते नीट लिहिता येणार नाही.

नायगावला आठ वाजले. तिथल्या एका घरी दरवर्षी ग्रुपचं जेवण असतं, तांदळाची भाकरी, चवळीची उसळ, अंडी. त्या घरातल्या आजी स्वतः वाढत होत्या, कोणाला नाही म्हणू देत नव्हत्या. मग जूचंद्र, बापाणे करत हायवेला लागलो आणि तिथून खरी वारी सुरू झाली. सगळ्यांच्या अंगात चमकणारी जॅकेटं, एका बाजूने एकामागे एक, ट्रक असे जवळून जातात की हवेने ढकलल्यासारखं होतं. वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलावर अकरा वाजता पावसाची एक जोरदार सर आली, खाली खाडी पूर्ण काळी, दिसत काहीच नाही, वारा मात्र इतका की जपमाळेचे शब्द तोंडातून निघून उडून जात होते. कोणीतरी मरियेचं भजन सुरू केलं आणि आम्ही अक्षरशः ओरडत म्हटलं, ४३ जण, त्या पुलावर. मला तेव्हा भीती वाटली नाही. ट्रक, पाऊस, अंधार, सगळं असून नाही वाटली.

काशीमिऱ्याच्या पुढे माझ्या टाचेला फोड आला. आमच्यात एक मावशी अनवाणी चालत होत्या, नवसाच्या, वय साठच्या वर. त्यांनी मला कडेला बसवलं, मोजा स्वतःच्या हाताने काढला, पिशवीतून खोबरेल तेल काढून बोटांच्या मध्ये आणि टाचेला चोळलं आणि वर फडकं बांधून दिलं. मी लाजून पाय मागे घेत होते, त्या म्हणाल्या, "अगं, पवित्र गुरुवारी येशूने पाय धुतले ना शिष्यांचे, मग मी तेल लावलं तर काय झालं?" इतक्या साधेपणाने म्हणाल्या. पवित्र गुरुवारचं प्रवचन मी दरवर्षी ऐकते, पण ते मला कळलं असेल तर दहिसरच्या अलीकडे त्या फुटपाथवर.

आणि मग मुंबई, तीही चतुर्थीच्या रात्रीची. बोरिवली नॅशनल पार्कच्या पुढे रात्री दोन वाजता एका मंडळाच्या मांडवात पोरं जागी होती. क्रूस बघितला आणि एकाने हाक मारली, "मोतमावलीला ना? थांबा, चहा घेऊन जा." आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला, मोदक दिले. त्यांच्यातल्या एकाने वीस रुपयांची नोट काढून माझ्या हातात ठेवली, ताई, आमच्या आजीच्या नावाने एक मेणबत्ती लावा, ती दरवर्षी जायची, आता बेडवर आहे. ते बघून दुसरा आला, मग तिसरा. गोरेगावला एका रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून दहा रुपये दिले. पहाटेपर्यंत माझ्या मोबाईलच्या नोट्समध्ये १४ नावं झाली होती. त्यातली चार-पाच ख्रिस्ती असतील, बाकी नाहीत. मुंबईत मोतमावली अशी आहे, ती फक्त आमची कधीच नव्हती. 'माउंट'चं 'मोत' झालं असं म्हणतात, आणि पुढची 'मावली' तर अख्ख्या महाराष्ट्राची, पंढरीच्या वाटेवर पण त्याच हाकेवर लोक चालतात.

अंधेरी आलं तेव्हा उजाडत होतं. पाय आपले नव्हतेच एव्हाना. काकांना विचारून मी आणि माझी मावसबहीण पार्ल्याला हायवे सोडून आत वळलो, अर्ध्या तासात सांताक्रूझला गाठतो म्हटलं. हनुमान रोडने स्टेशनकडे गेलो. आई ज्या कोपऱ्याचं वर्णन करते तो मला लहानपणाचा थोडा आठवत होता. शाळेला सुट्टी असली की ती मला घेऊन यायची, मी टोपलीमागे गोणपाटावर बसायचे आणि पार्लेच्या फॅक्टरीतून बिस्किटांचा वास यायचा, गरम, गोड, पोटात कालवाकालव करणारा. फॅक्टरी २०१६ ला बंद झाली. आता तिथे कसलाच वास नव्हता, नुसती पावसाने ओली झालेली सकाळ.

कोपऱ्यावर एक बाई बसली होती, दूर्वा, जास्वंद आणि झेंडू घेऊन, दीड दिवसाच्या गणपतीची गिऱ्हाईकं यायला लागली होती. मी तिच्याकडून झेंडूचा हार घेतला. कुठे चालल्या विचारलं, सांगितलं, तर तिने हारात दोन गुलाब वाढवून बांधून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. मी बॅगेतून चुंबळ काढली आणि थोडा वेळ हातात धरून तिथे उभी राहिले. गावातून स्टेशन, स्टेशनातून गाडी, गाडीतून हा कोपरा, पंधरा-वीस किलो डोक्यावर घेऊन, ताप असताना, पोटात माझा भाऊ असताना, आजोबा गेले त्याच्या पाचव्या दिवशी. मी एका रात्रीत थकले होते. आणि ती गाडीत बसल्यावर जपमाळ म्हणायची, सगळ्याच म्हणायच्या, लगेज डब्यात टोपल्यांच्या मध्ये, हे मला माहीत होतं पण मी त्याला कधी काही नाव दिलं नव्हतं. मावसबहीण काही बोलली नाही, तिची आई पण सांताक्रूझला बसायची.

बांद्र्याला हिल रोड लागला आणि पुढचा रस्ता चढाचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्टॉल, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं, मेणाची घरं. आमची अनवाणी मावशी मेणाचं घर घेऊन आली, मुलाचा फ्लॅटचा ताबा अडकलाय कित्येक वर्षं. मी १४ मेणबत्त्या घेतल्या आणि पंधरावी माझी. रांगेत दोन तास गेले. काका नवीन पोरांना गोष्ट सांगत होते, दरवर्षी सांगतात म्हणे, की १७०० साली समुद्रातून आलेल्या अरब लुटारूंनी मूर्तीचा उजवा हात तोडला तेव्हा ती जागा झाकायला तिथे बाळ येशू ठेवला, की आजची ही बॅसिलिका १९०४ ची आहे, आणि की कोळी लोक म्हणतात ती त्यांच्या जाळ्यात आली होती. मला ती हाताची गोष्ट फार आवडते. जिथे तुटलं तिथेच बाळ ठेवलं.

आत पोचल्यावर एक मिनिट पण मिळत नाही, स्वयंसेवक सारखे चला चला करत असतात, त्यांची पण चूक नाही, मागे हजारो लोक असतात. मी हार पुढे केला, मग चुंबळ. स्वयंसेवक पोरगा थांबला, त्याला कळेना ते काय आहे, फुलं नाहीत, मेण नाही, जुन्या कापडाचं वेटोळं. मला बोलायचं होतं पण गळा भरून आला आणि शब्दच फुटेना. माझ्या मागे एक म्हाताऱ्या कोळीणबाई होत्या, नाकात मोठी नथ, हातात मेणबत्ती. त्या म्हणाल्या, "अरे, चुंबल हाय ती. आयशीची असंल. लाव की पायाला." त्याने घेतली, दोन्ही हातांनी, लावली आणि परत दिली. मी बाजूला होऊन आधी १४ नावं एक एक वाचली, मोबाईल बघून, कोणाचं राहू नये म्हणून. आईचं नाव शेवटी घेतलं. माझ्यासाठी काही मागायचं राहूनच गेलं आणि ते मला घरी आल्यावर लक्षात आलं.

येताना लोकलने आलो. वसईला उतरून रिक्षा, आणि घरी पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. आई पडवीत बसूनच होती. चुंबळ तिच्या हातात दिली, तिने ती नाकाला लावली, मग कपाळाला, आणि स्वतः उठून, काठी न घेता, खुंटीवर अडकवली. मग विचारलं, पार्ल्याला कोपऱ्यावर कोण बसतं आता. म्हटलं फुलवाली आहे एक, हारात गुलाब बांधून दिले पैसे न घेता. "चांगली आहे," आई म्हणाली, "तिथे ऊन लागतं दहानंतर, छत्री आहे का तिच्याकडे?"

मी बघितलं नव्हतं. म्हटलं पुढच्या वर्षी बघून येते.