साडेदहाला या

लातुरात औसा रोडला रविवारी आमची बैठक असते. कॉफी निमित्ताला, निम्मे जण शेवटी चहाच सांगतात. परवा विषय निघाला नंबर लावण्याचा. मास्तरांच्या आईला हाडाच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. फोनवर सांगितलं, "साडेदहाला या." हे दहालाच हजर. कंपाउंडर वही उघडून म्हणतो, "काका, तुमच्या आधी 34 हायेत." सगळ्यांना साडेदहाच दिलेले! निलंग्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली माणसं भिंतीला टेकून डबे सोडून बसलेली. आत घेतलं पावणेदोनला, तपासणी चार मिनिटं.

"मग ह्याला अपॉइंटमेंट कशाला म्हणायचं?" मी म्हटलं.

"बसायचा परवाना म्हण," मास्तर.

मेडिकलवाला डॉक्टरांची बाजू घ्यायला लागला. मधेच इमर्जन्सी येते म्हणे. येते ना, पण मग तासातासानं बोलवा की लोकांना!

वकील हसला. "अरे, देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, आपण निजामाच्या राज्यातले मराठवाडेकर 17 सप्टेंबर 1948 ला. तेरा महिने वेटिंगवर होतो!"

वेटिंगवरून 2016 च्या दुष्काळातल्या पाण्याच्या रेल्वेचा विषय निघाला. एप्रिलात मिरजेहून पहिल्या खेपेला 10 वाघिणी (टाकीचे डबे) आल्या, 5 लाख लिटर पाणी. तेव्हा आमच्या गल्लीत टँकरच्या रांगेत माणसं नसायची, घागरी असायच्या, ऑइलपेंटनं नावं टाकलेल्या. कुणी आपली घागर हळूच पुढं सरकवली की झालीच सुरुवात. त्यातलं एक भांडण वकिलाकडं अजून तारखेवर आहे.