फुलं बघायला गेलो आणि कापड बघत बसलो

बेळगावच्या माणसाला थंडीचं कौतुक सांगू नये. आमच्या गावाला अजून 'गरिबांचं महाबळेश्वर' म्हणतात, आणि पूर्वी मे महिन्यातही रात्री पांघरूण लागायचं असं प्रत्येक घरातलं म्हातारं माणूस शपथेवर सांगतं. आता टिळकवाडीतसुद्धा पंख्याशिवाय डोळा लागत नाही. त्यामुळे वडगावच्या आत्याने "कुठंतरी गारव्याला नेऊन आणा की मला" असा धोशा लावला, तेव्हा कुणालाच नाही म्हणवेना. ऊटी ठरली. आत्या, बाबा, मी आणि माझा नवरा.

रेल्वेने म्हैसूर, पुढे गाडी. म्हैसूरबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सगळे करतात तेच केलं. बंदीपूरच्या जंगलात हत्ती दिसला तेव्हा आत्या झोपली होती, ते ती अजून बोलून दाखवते. ऊटीला गाडी न्यायची तर ई-पास लागतो, तो काढून ठेवला होता. पण निलगिरीत प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या चालत नाहीत. नाक्यावर आमच्या सगळ्या बाटल्या उतरवून घेतल्या. बरोबर नेलेला खव्याचा कुंदा तेवढा वाचला, कारण आत्याने तो स्टीलच्या डब्यात भरला होता. कल्हट्टी घाटाची ३६ वळणं संपली तरी बाबांची त्या बाटल्यांवरची कुरकुर संपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाग. दोड्डबेट्टा डोंगराच्या उतारावर पसरलेलं ५५ एकरांचं सरकारी वनस्पती उद्यान, आणि महिना मे, म्हणजे फ्लॉवर शोचा. गर्दी विचारू नका. हिरवळ सुंदर आहे, अगदी कात्रीने कापल्यासारखी, पण ती दिसेल तर ना. जिथं बघावं तिथं कुणीतरी फोटोसाठी आडवं झालेलं. झाडाझुडपांनी आखलेल्या भारताच्या नकाशापुढे तर "भैया, जरा साइड" एवढं एकच वाक्य पाच भाषांतल्या हेलांत ऐकू येत होतं. लोक फुलांकडे पाठ करून उभे राहतात आणि फुलं नंतर मोबाइलमध्ये बघतात, हे मला काही केल्या पटत नाही.

बाबांची कडोलीला थोडी शेती आहे, बटाटा आणि कोबी. त्यांना फुलांचं फारसं नाही. या बागेची सुरुवात भाजीच्या मळ्यापासून झाली हे मी वाचून ठेवलं होतं. इथल्या युरोपियन लोकांनी वर्गणी काढून स्वस्त भाजीसाठी मळा केला होता. मग १८४८ साली मॅकआयव्हर नावाचा माळी लंडनच्या क्यू बागेतून आला आणि त्याने ही पायऱ्यापायऱ्यांची बाग उभी केली. याच माणसाने पुढे निलगिरीत सिंकोना रुजवला, ज्याच्या सालीपासून हिवतापावरचं क्विनाइन होतं. हे सगळं मी उत्साहाने सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चांगली भाजी चालली होती, मग बंद का केली?"

पुढे एक दगड झालेला झाडाचा बुंधा ठेवलाय, दोन कोटी वर्षांपूर्वीचा. बाबा तिथं बराच वेळ थांबले. चिलीहून आणलेलं मंकी पझल नावाचं झाड त्यांनी एका नजरेत उरकलं.

आत्याचे गुडघे दुखत होते, तरी ती वर वर चढत राहिली. "खाली नुसती जत्राच आहे," म्हणाली. बागेच्या अगदी वरच्या टोकाला निलगिरीतल्या तोडा आदिवासींची वस्ती आहे, तिला मुंद म्हणतात. अर्ध्या पिंपासारखं, बांबू-गवताने शाकारलेलं जुन्या पद्धतीचं घर, आणि दार एवढंसं की आत रांगतच जावं लागेल. तोडा मूळचे म्हशी पाळणारे. गर्दीतले फार लोक इथवर येत नाहीत. आले तरी त्या घरापुढे एक फोटो काढून उतरतात.

एका ओट्यावर एक वयस्क बाई शाल भरत बसली होती. आत्या तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "एष्टु?" बाईला जुजबी कन्नड येत होतं. तिने साडेतीन हजार सांगितले. नवरा माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'चला' म्हणाला.

आत्या मात्र खाली बसली. तिच्या सासरी दोन पिढ्या माग होते, शहापुरी लुगडी विणायचे. नंतर पॉवरलूम आले. त्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ती अजून मोठ्याने बोलते. कापड हातात आलं की ती आधी उजेडाला धरते आणि मग अंगठ्याच्या नखाने धागे मोजते. दुकानदार चिडतात. इथं तिने तेच केलं. पांढरं जाडंभरडं सुती कापड, त्यावर लाल आणि काळ्या धाग्याची भरगच्च पट्टी. ना छापा, ना पेन्सिलीची रेघ. त्या बाईची सुई उलट्या बाजूने चालली होती, चार धागे सोडून एक टाका, आणि प्रत्येक टाक्यापूर्वी ओठ हलत होते. आत्याचेही हलायला लागले. दोघी मोजत होत्या.

मध्येच आत्याने हात आडवा केला आणि एका जागी बोट ठेवलं. तिथं एक धागा जास्त सुटला होता. माझ्या पोटात गोळा आला. आता ही बाई रागावणार. तिने शाल डोळ्यांजवळ नेली, आत्याकडे बघितलं, हसली आणि टाका उसवला.

त्यानंतर आम्हाला कुणी विचारलंच नाही. आत्या दीड तास तिथं बसली. "तुम्ही जाऊन या, मी हितंच बसतो." बाबा खालच्या कडेला कुणाच्या तरी गाजराच्या वाफ्यांकडे बघत उभे राहिले. मला कळलं ते एवढं: या शालीला पुटुकुळी म्हणतात, बायका आणि पुरुष दोघंही पांघरतात, माणूस गेल्यावर त्याला हिच्यातच गुंडाळतात. एका नक्षीत म्हशीची शिंगं आहेत. २०१३ मध्ये या भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. कापड मात्र तोडा स्वतः विणत नाहीत, बाहेरून आणतात. हे ऐकून आत्याला बरं वाटलं. "म्हणजे माग कुणाचातरी चाललाय अजून," म्हणाली.

घासाघीस न करता आत्याने शाल घेतली. गणपत गल्लीत पाच रुपयांसाठी अर्धा तास उभी राहणारी बाई ही! नवरा उतरताना हिशेब मांडू लागला, की एवढ्यात दोन ब्लँकेटं आली असती. "मजुरी धर की रे त्यात," आत्या म्हणाली, आणि विषय संपला.

सरोवर, बोटी, चहाचे मळे झाले. रात्री थंडी खरंच कडाक्याची होती, हे बेळगावकर असूनही कबूल करते. चॉकलेटं घेतली, ती म्हैसूरपर्यंत संपली.

आता आत्याला ती शिंगांची नक्षी स्वतः भरायची आहे. पॉपलिनवर धागे मोजता येत नाहीत म्हणून तिला दोसुती हवी आहे, जाड, सैल विणीची. खडेबाजारात मिळाली ती फारच बारीक निघाली. बेळगावात किंवा निपाणीकडे कुठं चांगली मिळत असेल तर कळवा, रोज फोन करून विचारते मला.