टर्मिनल चालू करूनच देतो : आमची वाटचाल

आमच्या दुकानातून बंद टर्मिनल कधी बाहेर गेलेले नाही. टर्मिनल म्हणजे दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड, स्वतः हिशेब न करणारा. पुसून, पॉलिश मारून शोकेसमध्ये ठेवायला नुसता डबा हवा असेल तर तो देणारे बाजारात आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. आम्ही पिक्चर ट्यूब पेटवतो, कीबोर्डची एकेक कळ चालती करतो आणि पलीकडे बोलायला मशीन जोडून देतो. जुना टर्मिनल जमवणाऱ्याला हाच आनंद हवा असतो. निदान हवा असायला पाहिजे.

गोव्यातल्या फोंड्यात आम्ही सुरुवात केली ती टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्तीने. मग बँका, पतसंस्था आणि खाण कंपन्यांची ऑफिसे मेंटेनन्सला मिळाली. तेव्हा काउंटरवर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे डंब टर्मिनल असत, बहुतेक डीईसी कंपनीच्या व्हीटी २२० या मॉडेलची भाषा बोलणारे. ईएचटी (ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) बदल, ड्राय सोल्डर (सुटलेला टाका) शोध, २५ पिनांचा कनेक्टर नव्याने मार, ही कामे करताना हात बसला. बँकांनी टर्मिनल भंगारात काढले तेव्हा त्यातले चांगले मी घरी आणून ठेवत होतो. घरच्यांची बोलणी खाल्ली, पण आज त्याच साठ्यातले सुटे भाग कामाला येतात. ती वर्षे बरी गेली.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. डिचोली-साखळीकडची कंत्राटे एका हंगामात संपली. सीआरटी मॉनिटर तर त्याआधीच बाजारातून गेले होते. दुकान चालवायचे तर ज्याचा नाद आहे तेच धंद्याला लावू, असे माझ्या आत्तेभावाने सांगितले. मुंबईत तो फील्ड इंजिनिअर होता आणि आयबीएमच्या मेनफ्रेमला (मोठ्या कंपन्यांच्या महाकाय कॉम्प्युटरला) जोडायच्या ३२७० टर्मिनल घराण्यात त्याचे निम्मे आयुष्य गेले. आमची भागीदारी तेव्हापासूनची.

त्याचे म्हणणे असे की व्हीटी २२० कोणीही चालू करील. यूएसबी-सिरीयल केबल लावा, एफ३ दाबून सेट-अपमध्ये वेग आणि अक्षरांची मांडणी (९६०० बॉड, ८ बिट, नो पॅरिटी) करा, लिनक्सवर गेट्टी हा लॉगिन विचारणारा प्रोग्राम सोडा, लॉगिन आले. खरे काम ३२७० चे. हे टर्मिनल एकटे काहीच करत नाही. कोॲक्स केबलवरून कंट्रोलर हा मधला डबा त्याला अखंड विचारत असतो, कळ दाबली का, कळ दाबली का, आणि ते उत्तर देते. विचारणारा नसेल तर ट्यूब पेटूनही ते मुकेच. म्हणून ३१७४ सारखा कंट्रोलर हवा, तो ज्यावरून सुरू होतो ती मायक्रोकोडची फ्लॉपी हवी, ९३ ओहमची आरजी-६२ केबल हवी, आणि पलीकडे मेनफ्रेम. मेनफ्रेमची सोय मात्र आता घरबसल्या होते. रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हर्क्युलिस हा मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम साध्या पीसीवर चालतो आणि त्यावर एमव्हीएस ३.८जे ही आयबीएमची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम सुरळीत उठते.

आता तो प्रसंग. मुंबईतले एक ऑफिस जुना माल काढत होते. एक ३१७४ आणि त्याच्या जोडीचे, ३२७० घराण्यातलेच ३१९२ टर्मिनल, प्रत्येकाला १२२ कळांचा बकलिंग स्प्रिंगचा (प्रत्येक कळेखाली वाकणारी स्प्रिंग असलेला) मूळ कीबोर्ड. आत्तेभावाने जाऊन सगळे तपासले, भाव ठरला, पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही ॲडव्हान्स दिला. गाडी चवथीनंतर पाठवायची असे ठरले होते. मडगावकडचा एक व्यापारी त्या दिवसांत आमच्याकडे मॉनिटर दुरुस्तीला आणत असे. चहा पिता पिता त्याने हे ऐकले. आम्ही घरी गणपतीच्या गडबडीत असताना तो मुंबईला पोचला.

त्याला टर्मिनल नकोच होते, फक्त कीबोर्ड हवे होते. कीबोर्ड जमवणाऱ्यांची जगभर वेगळी जमात आहे. पाच पिनांच्या डिन प्लगला कन्व्हर्टर लावून ते हे कीबोर्ड पीसीवर वापरतात आणि एका कीबोर्डला अख्ख्या टर्मिनलपेक्षा जास्त मोजतात. त्याने तिथल्या माणसाला रोख वाढवून दिली आणि सगळे कीबोर्ड उचलले. आमची गाडी गेली तेव्हा टर्मिनल भिंतीकडे तोंड करून रचलेले होते. कोॲक्स केबली कटरने मुळाशी छाटलेल्या, टोकाचे बीएनसी कनेक्टर गायब. कंट्रोलरचा ड्राइव्ह रिकामा. ती फ्लॉपी सव्वापाच इंची असली तरी २.४ एमबीची, साध्या पीसीचा १.२ एमबीचा ड्राइव्ह ती वाचत नाही. त्यामुळे दुसरी प्रत करून ठेवण्याची सोय तिथे कोणी केलेलीच नव्हती. ॲडव्हान्स परत मागितला तर उत्तर मिळाले, माल दिला की!

एवढ्यावर तो थांबला असता तर मी हे लिहिलेही नसते. पुढे त्याने आमच्याच गिऱ्हाइकांना सांगितले की फोंड्याचे लोक मेलेले डबे विकतात. शिवाय उरलेसुरले टर्मिनल मिळवून, ट्यूब फोडून आत एलसीडी पॅनेल बसवून तो हॉटेलांना शोभेला देऊ लागला. चालणारी ट्यूब फोडणे! या ट्यूब आता कुठे बनत नाहीत. एक फुटली की जगातून एक कमी झाली. त्याला मी तोंडावर हे सांगितले आहे आणि आजही सांगेन.

कर्जाचे हप्ते थकले, भाडे थकले. दुकानाचे शटर खाली ओढायचे असे आम्ही दोघांनी जवळजवळ ठरवले होते. तेव्हा म्हापशाचे काका आले. मेनफ्रेमवर कोबॉल आणि जेसीएल या भाषांत प्रोग्राम लिहून निवृत्त झालेले. त्यांना घरी ३१९२ हवे होते, हर्क्युलिसला जोडलेले. मी खरे ते सांगितले, की कंट्रोलर उठत नाही, कीबोर्ड नाही, कधी होईल माहीत नाही. ते म्हणाले, "कीबोर्ड माझ्याकडे आहे, जपून ठेवलाय. तू आधी पैसे घे, मग बघू." पूर्ण रक्कम टेबलावर ठेवून गेले.

कंट्रोलरचा नाद सोडून आत्तेभावाने स्वतःचे इंटरफेस कार्ड करायला घेतले. जुन्या पीसी कोॲक्स कार्डांवरून डीपी८३४० आणि डीपी८३४१ या चिप उतरवल्या. एक पाठवते, दुसरी ऐकते. तारेवरचा वेग सेकंदाला २३.५ लाख बिटांच्या वर, प्रत्येक शब्द १२ बिटांचा, त्यात १० कामाचे. ऑसिलोस्कोपवर आमचा प्रश्न जाताना दिसायचा आणि टर्मिनलचे उत्तर काही येत नसे. शेवटी एका रात्री आले.

काकांच्या घरी जोडले तेव्हा टीएसओचे (एमव्हीएसवर टर्मिनलवरून काम करायच्या सोयीचे) लॉगऑन झाले आणि हिरव्या अक्षरांत 'रेडी' उमटले. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. ३२७० वर एंटर असतो उजवीकडे खाली, पीसीवर जिथे कंट्रोल असतो तिथे. काकांची करंगळी न बघता बरोबर तिथे गेली. इतकी वर्षे पीसी वापरूनही. त्यांनी पुढे त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांकडून आणलेली कामे इतकी होती की कर्ज त्यातूनच फिटले.

तेव्हापासून काम सुरू आहे, त्यावर लिहिण्यासारखे विशेष काही नाही. मात्र या छंदात नव्याने येणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. जुने टर्मिनल थेट प्लगला लावू नका. सिरीज बल्ब लावा, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडा. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. मेन्स फिल्टरमधला कागदी कपॅसिटर तडकलेला असेल तर तो आधी बदला, नाहीतर घरभर धूर. ॲनोड कॅप, म्हणजे ट्यूबवरची ईएचटीची टोपी, काढण्यापूर्वी चासीला अर्थ केलेल्या स्क्रू ड्रायव्हरने ट्यूब डिस्चार्ज करा आणि दुसरा हात खिशात ठेवा. टेबलावरच्या चाचणीला केबलवाल्याची ७५ ओहमची वायर चालून जाते, लांब ओढायची असेल तर ९३ ओहमचीच घ्या.

गोव्यात पावसाळा हा मोठा शत्रू. जूनमध्ये ईएचटीच्या टोपीखाली ओल धरते, मग चुरचुर आवाज येतो, अंधारात निळसर ठिणगी दिसते आणि ओझोनचा वास सुटतो. अशा वेळी लगेच बंद करा, टोपी काढून स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. टर्मिनल ठेवायच्या कपाटात आम्ही एक साधा ४० वॉटचा बल्ब पावसाळाभर चालू ठेवतो. डीह्युमिडिफायर विकणारे येतात, त्यांना मी हे कपाट उघडून दाखवतो.

मुंबईच्या त्या मालातले काही ३१९२ अजून माळ्यावर आहेत. ट्यूब उत्तम, कार्ड तयार, फक्त कीबोर्ड नाहीत. कोणाकडे १२२ कळांचा पडून असेल तर घेऊन या. योग्य भाव देऊ, आणि तो कोणत्या टर्मिनलला लागला ते इथे बसून, टाइप करून बघून जा.