आमची वाटचाल : हंगाम एप्रिलचा, हिशेब मार्चचा

रत्नागिरीपासून थोड्या अंतरावर, जांभ्याच्या सड्यावर आमचा आंबा कॅनिंगचा कारखाना आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आबांनी, १९८९ साली तो सुरू केला तेव्हा यंत्र म्हणावं असं एकच होतं, डबे बंद करायचा हाताचा सीमर. रस बायका हातानं काढायच्या, तो चुलाण्यावर मोठ्या पातेल्यात तापायचा आणि भरलेले डबे कढत पाण्याच्या टाकीत सोडले जायचे. विजेचं बिल घरातल्या बिलाएवढंच यायचं.

आज रस काढायचा पल्पर आहे, तो गाळून एकसारखा करायचा फिनिशर आहे, वाफेच्या केटल आहेत, बॉयलरचा पंखा आणि पाण्याचा पंप आहे, उणे १८ अंशांची शीतखोली आहे आणि गेली काही वर्षं काजूही आहे. मंजूर भार ६५ किलोवॉट. आंबा, डबे आणि मजुरी यांच्यानंतरचा सगळ्यात मोठा खर्च विजेचा. पहिल्या तीन खर्चांचे भाव बाजार ठरवतो. वीज मात्र आपण कोणत्या तासाला आणि कोणत्या महिन्यात वापरतो, स्वतःची किती आणि कधी तयार करतो, यावर बिल हलतं. हे कळायला आम्हांला वीस वर्षं लागली. बाकीच्या कारखानदारांना ते लवकर कळावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मी १९९६ साली लग्न होऊन या घरात आले. हिशेबाच्या वह्या आबांनी दुसऱ्याच वर्षी माझ्या हातात दिल्या. भारनियमनाची वर्षं आली तेव्हा कारखाना आम्हां दोघां नवरा-बायकोकडे होता. २००६ च्या मे महिन्यातली एक दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. केटलमध्ये दीडशे किलो रस, सीमरसमोर भरलेले चाळीस डबे, झाकणं अजून बसायची होती, आणि लाईट गेली. रस गरम असतानाच डबा बंद व्हावा लागतो. ८५ अंशांच्या खाली उतरला की तो परत तापवावा लागतो. परत तापवला की हापूसचा केशरी रंग मळतो, वासात शिजल्यासारखा भाव येतो. बायका डब्यांवर ताटं झाकत होत्या, मी थर्मामीटर धरून उभी होते. ८८, ८६, ८३. आबा काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन पायरीवर बसले. त्या दिवसाचा माल आम्ही दुय्यम प्रतीच्या दरानं दिला.

पुढच्या वर्षी ६२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर घेतला. विद्युत निरीक्षकांची परवानगी, आवाज अडवणारी पेटी, चेंजओव्हर स्विच, सगळं रीतसर. धंदा वाचला, पण डिझेलची वीज किती महाग पडते हे वर्षभरानं वही उघडली तेव्हा दिसलं. चांगला भार असेल तर एका लिटरमध्ये तीन ते साडेतीन युनिट निघतात. भार कमी असेल तर त्याहूनही कमी. आम्ही रात्री फक्त शीतखोलीसाठी एवढं मोठं इंजिन फिरवत होतो, दहा किलोवॉटसाठी. नंतर शीतखोलीसाठी वेगळा लहान जनरेटर घेतला, तेव्हा रात्रीचं डिझेल निम्म्यावर आलं.

मनात एक खंत कायम होती आणि आहे. कोयनेची वीज आमच्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला तयार होते. दाभोळचा प्रकल्प गुहागर तालुक्यात. कोकणाच्या पोटातून राज्याला वीज जाते आणि मृगाच्या आधीच्या पहिल्या वळवाला आमच्या फीडरवर, म्हणजे आमच्या भागाला वीज देणाऱ्या तारेवर, काळोख होतो. २०१२ नंतर भारनियमन बरंच कमी झालं हे खरं. पण खारा वारा, तारांवर कलंडणारी झाडं आणि वीज पडणं, यांना काही वेळापत्रक नसतं.

बिल वाचायला मला शिकवलं ते आमच्या वायरमननं. २०१३ मध्ये मोटर बघायला आला होता. टेबलावरचं बिल त्यानं उचललं आणि एका आकड्यावर नख ठेवलं. "वहिनी, हा पॉवर फॅक्टर बघितलात? ०.८४. तुम्ही न वापरलेल्या विजेचे पैसे भरताय." मोटरींना फिरण्यासाठी जी जास्तीची, काम न करणारी वीज तारेतून ओढावी लागते तिचा हा हिशेब. तेव्हाच्या दरपत्रकात ०.९० च्या खाली दंड होता आणि ०.९५ च्या वर सूट, पूर्ण १ झाला तर ७ टक्क्यांपर्यंत. आम्ही ती वीज जागेवरच पुरवणारी कपॅसिटरची पेटी बसवली. चौथ्या महिन्यात दंडाच्या जागी सूट दिसायला लागली. त्या बिलावर मी लाल पेनानं गोल केला होता, तो कागद अजून फाइलमध्ये आहे. त्याच कागदावर वेळेनुसारचे दरही होते. रात्री १० ते सकाळी ६ दर कमी, सकाळी ९ ते १२ युनिटमागे ऐंशी पैसे जास्त, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जास्त. ते तोवर कोणी वाचलेच नव्हते. मग शीतखोलीचा कॉम्प्रेसर रात्री जोरात चालवून खोली दोन अंश जास्त गार करून ठेवायची आणि संध्याकाळी त्याला विसावा द्यायचा, अशी पद्धत लावली.

सोलर आलं २०१८ मध्ये. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे छपरावरच्या सोलरसाठीचे नेट मीटरिंगचे नियम २०१५ चे. आमच्या पत्र्यावर १२० पॅनेल बसली, ४० किलोवॉट. प्राप्तिकरात घसाऱ्याची वजावट ८० टक्के मिळायची ती २०१७ च्या एप्रिलपासून ४० टक्क्यांवर आली होती, तरी कर्जाचं गणित जमत होतं. दिवसा तयार झालेली वीज आधी आपण वापरायची, उरलेली तारेत सोडायची. मीटर दोन्हीकडची मोजतो. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात. ठेकेदारानं हे सांगितलं आणि आम्ही सही केली.

दोन गोष्टी त्यानं सांगितल्या नाहीत. पहिली पॉवर फॅक्टरची. सोलर सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात आमची सूट गेली. का, ते कळेना, कपॅसिटर तर ठणठणीत होते. खरं कारण साधं आहे. काम करणारी वीज आता छपरावरून येत होती, म्हणून तारेतून ती कमी घेतली जात होती. पण मोटरींची ती दुसरी, काम न करणारी वीज पूर्वीइतकीच तारेतून येत होती. मीटरला दिसतं ते प्रमाण, आणि प्रमाण बिघडलं. भाराप्रमाणे आपोआप कपॅसिटर जोडणारं पॅनेल बसवलं, पॅनेलची वीज कारखान्याच्या विजेला जुळवून देणाऱ्या इन्व्हर्टरची एक सेटिंग बदलून घेतली, तेव्हा ते जाग्यावर आलं. सोलर घेणाऱ्या प्रत्येकानं करार करण्याआधी हा प्रश्न विचारावा. आणि मागणी आकार, म्हणजे महिन्यात एका वेळी ओढलेल्या सगळ्यात जास्त भारावरचा आकार, सोलरमुळे आपोआप कमी होत नाही, हेही आधी माहीत असावं. एखाद्या ढगाळ दुपारी सगळी यंत्रं एकदम लागली की मागणी नोंदली जातेच.

दुसरी गोष्ट फार मोठी होती. साठलेले युनिट जन्मभर साठत नाहीत. आर्थिक वर्ष संपलं की खातं मिटतं आणि शिल्लक युनिट वीज कंपनी विकत घेते, पण आपण तिच्याकडून ज्या दरानं घेतो त्या दरानं नाही, त्याहून कितीतरी कमी दरानं. शहरातल्या बारमाही कारखान्याला याचं काही वाटणार नाही. आमचं बघा. कोकणात नोव्हेंबरपासून ऊन चांगलं असतं, जानेवारी ते मार्च आभाळ स्वच्छ, पॅनेल भरभरून वीज देतात. त्याच महिन्यांत आमचा कारखाना शांत, चालू काय तर शीतखोली. आंबा कॅनिंगला येतो एप्रिलच्या मध्यापासून, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की संपतो. म्हणजे आम्ही तीन महिने युनिट साठवायचे, ३१ मार्चला ते स्वस्तात जायचे, आणि पंधरा दिवसांनी तेच युनिट पूर्ण दरानं विकत घ्यायचे.

२०१९ च्या मार्चअखेर आमचे ११,४०० युनिट शिल्लक होते. एप्रिलच्या बिलात त्या रकान्यात शून्य बघितलं तेव्हा मला चूक वाटली. मी उपविभागाच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे नियम दाखवला. चूक नव्हती. घरी येताना मला रडू आलं, कारण त्या युनिटांच्या भरवशावर आम्ही त्या हंगामाचं खेळतं भांडवल धरलं होतं.

त्या वर्षी आम्ही ठरवलं की नियम बदलेपर्यंत थांबायचं नाही, काम बदलायचं. काजूचा विचार आबांच्या काळापासून होता. ओल्या बिया एप्रिल-मेमध्ये घ्यायच्या, कडक वाळवून पोत्यांत भरायच्या, आणि प्रक्रिया वर्षभर कधीही करता येते. आम्ही ती मुद्दाम नोव्हेंबर ते मार्च धरली. बिया वाफवायच्या, कटिंगच्या यंत्रावर फोडायच्या, मग गर वाळवणीला. वाळवणीसाठी लाकडाच्या बोर्म्याऐवजी, म्हणजे लाकूड जाळून गर वाळवायच्या भट्टीऐवजी, विजेचा ड्रायर घेतला आणि तो सकाळी नऊनंतरच लावायचा, चारच्या आत बंद करायचा, हा दंडक केला. साली काढणाऱ्या बारा बायका आहेत. पूर्वी त्यांना आमच्याकडे दोन महिने काम असायचं, आता आठ-नऊ महिने असतं. सोलरच्या हिशेबातून निघालेली ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते.

त्याच सुमारास नवे नियम येणार म्हणून सगळे धास्तावले होते. छपरावर वीज करणाऱ्यांकडून ग्रीड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांचं जाळं, वापरल्याचा आकार घ्यायचा, असं घाटत होतं. नियम ३० डिसेंबर २०१९ ला आले. नेट मीटरिंग राहिलं. आणि तो आकार राज्यात छपरावरचं सोलर ५,००० मेगावॉट होईपर्यंत लावायचा नाही, असं पुढच्या मार्चमध्ये आयोगानं ठरवलं.

मग १६ मे २०२१, रविवार, तौक्ते. रात्रभर पत्रा वाजत होता. सकाळी सात पॅनेल जाग्यावर नव्हती, एक तर शेजारच्या कलमांच्या बागेत सापडलं. खांब आडवे, लाईट नाही, आणि वादळानं झडलेला आंबा घेऊन बागायतदार दारात उभे. एवढा पडीचा आंबा त्या दोन दिवसांत घ्यायलाच हवा होता, नाहीतर तो कुजणार. दोन दिवसांनी कडक ऊन पडलं. छपरावर ११३ पॅनेल धडधाकट, आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावर एकच ओळ, ग्रीड नाही. एक युनिट तयार होत नव्हतं. असं असतंच, आणि ते योग्य आहे. तारेत वीज नसली की इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो, कारण त्या वेळी तारेवर माणूस चढलेला असतो. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली ती पोरं चिखलात उभी राहून खांब उभे करत होती, आमच्या छपरावरची वीज उलटी जाऊन त्यांच्या जिवाशी खेळ नको. पण सहा दिवस आम्ही निव्वळ डिझेलवर काढले, तेही लिटरला नव्वदीच्या घरात. दिवसाला शंभरावर लिटर जात होतं.

पावसाळ्यात सोलर आणि जनरेटर एकत्र चालवणारा कंट्रोलर बसवला. लाईट गेली की कारखाना मुख्य तारेपासून तुटतो, जनरेटर सुरू होतो, आणि इन्व्हर्टर त्यालाच ग्रीड समजून जागा होतो. एक पथ्य आहे. इंजिनावर निदान ३० टक्के भार राहिला पाहिजे, आमच्या जनरेटरला म्हणजे १५ किलोवॉट, नाहीतर इंजिन खराब होतं. तेवढा ठेवून बाकीचा भार सोलर उचलतं. आता भर दुपारी लाईट गेली तर डिझेल साधारण निम्मं लागतं.

२०२५ च्या जुलैपासून वेळेचे दर उलटे झाले. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत, ५ नंतर मध्यरात्रीपर्यंत अधिभार, आणि रात्रीची ती जुनी सवलत गेली. दिवसा उरलेले युनिट दिवसाच्याच स्वस्त तासांत वळते होतात, संध्याकाळच्या महाग तासांना त्यांचा आधार मिळत नाही. शीतखोलीची पद्धत आम्ही पुन्हा उलटी केली. आता ती दुपारी गार करून ठेवतो. आंब्याची दुसरी पाळी संध्याकाळी असायची, ती पहाटे पाचला आणली. बायकांना विचारूनच. त्यांनाही उन्हाच्या आत घरी जायला बरं पडतं.

एवढं करूनही मार्चअखेर काही युनिट उरतातच. गेल्या वेळी साडेतीन हजारांच्या आसपास होते. म्हणून एक मागणी आम्ही इथले चार-पाच कॅनिंगवाले मिळून लिहून काढली आहे, की हंगामी फळप्रक्रिया उद्योगांसाठी युनिटांचं खातं ३१ मार्चऐवजी ३० जूनला मिटवावं. आयोग नियम बदलताना लोकांच्या सूचना आणि हरकती मागवतो, तेव्हा ती द्यायची आहे. नुसत्या अर्जाला वजन येत नाही, सोबत आकडे लागतात. ज्यांच्याकडे आंबा, कोकम किंवा फणसाची प्रक्रिया आहे आणि छपरावर सोलर आहे, त्यांनी आपली मार्च आणि एप्रिलची बिलं जपून ठेवावीत, दोन्ही पानं.