रेषेचा चढ काढताना मी कुठे अडले

बऱ्याच वर्षांनी निर्देशक भूमिती पुन्हा हातात घेतली. सूत्र लगेच पाठ झालं: य-निर्देशकांची वजाबाकी वर, क्ष-निर्देशकांची खाली, भागाकार म्हणजे चढ. बिंदू मांडणं, रेषा काढणं यातही काही अडलं नाही.

घोडं अडलं ते उणे निर्देशकांपाशी. याचा राग मला अजून आहे, कारण पुस्तकात सोडवून दाखवलेली सगळी उदाहरणं पहिल्या चरणातली. आकडे सगळे धन, पहिला बिंदू डावीकडे, दुसरा उजवीकडे. आणि सरावसंचात थेट (२, −५) आणि (−३, ५)! आता यातला पहिला बिंदू कोणता धरायचा? सूत्रात अक्षरांच्या पायाशी १ आणि २ छापलेले असतात, त्यामुळे हे क्रमांक आधीच ठरलेत असं वाटतं. ते ठरलेले नसतात, आपणच द्यायचे असतात. एवढं एक वाक्य छापायला कितीशी जागा लागली असती?

शेवटी मी तेच गणित दोन्ही बाजूंनी सोडवलं. (−३, ५) मधून (२, −५) वजा केला: वर ५ − (−५) = १०, खाली −३ − २ = −५, चढ −२. मग उलट: वर −५ − ५ = −१०, खाली २ − (−३) = ५, चढ पुन्हा −२. दोन्ही वजाबाक्यांची चिन्हं एकदमच बदलतात, म्हणून भागाकार तोच राहतो. वर एका बिंदूपासून आणि खाली दुसऱ्यापासून सुरुवात केली तर मात्र +२ येतं आणि उतरती रेषा चढती ठरते. −२ दुसऱ्यांदा आलं तेव्हा जीव भांड्यात पडला. तरी खात्री हवी होती. (−३, ५) वर पेन्सिल टेकवली आणि एक घर उजवीकडे, दोन घरं खाली अशी सरकवत गेले: (−२, ३), (−१, १), (०, −१), (१, −३) आणि मग बरोबर (२, −५).

उणे संख्या वजा करताना कंस घालाच, तोंडी करू नका.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: सूत्र वापरण्यापूर्वी क्ष-निर्देशक बघून घ्या. (४, १) आणि (४, ७) यांच्यासारखे ते समान असतील तर खाली शून्य येतं. ती उभी रेषा, तिचा चढ ठरवताच येत नाही. तिथे ० लिहू नका. शून्य चढ आडव्या रेषेचा. आणि उत्तर २/३ आलं तर तसंच ठेवा, ०.६७ करू नका. २/३ म्हणजे तीन घरं उजवीकडे, दोन वर, की रेषेवरचा पुढचा बिंदू मिळालाच.